मैदानाबाहेरचे सर

सरांची आठवण आली की आधी माझे पाय दुखायला लागतात. बाकीचं सगळं मागून येतं. त्यांच्यामागे मी इतका चाललो, इतक्या एसटी स्टँडांवर ताटकळलो, की पन्नास वर्षं होत आली तरी तो शीण अंगातून पुरता गेलेला नाही.

ते आमच्या नगरच्या शाळेत ड्रिलचे सर होते. मी विज्ञान शिकवायला नवीनच लागलो होतो. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अवघडून बसलो होतो, तर ते दारातून आत आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लेफ्ट आऊट."

"काय म्हणालात?"

"तुम्ही. कडेला उभं राहून वाट बघणारे. बॉल आला तर ठीक, नाही आला तर संध्याकाळी घरी."

त्यांनी माझं नाव कधी विचारलंच नाही. शेवटपर्यंत मी लेफ्ट आऊटच राहिलो. माणूस भेटला की तो हॉकीच्या मैदानावर कुठे उभा राहील हे ठरवून टाकायची त्यांना खोड होती. हेडमास्तर म्हणजे फुलबॅक, कारण समोर काहीही आलं की लांब टोलवायचं एवढंच त्यांना ठाऊक. शाळेचा शिपाई सेंटर हाफ, कारण सगळी शाळा तोच चालवायचा. सावेडीच्या माळावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तेव्हा तिकडे वस्ती तुरळकच होती. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बायकोची ओळख "ह्या आमच्या गोलकीपर" अशी करून दिली. काकू चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "हो ना. बाकीच्यांनी सोडलेलं सगळं मी अडवायचं."

सरांच्या सायकलला घंटी नव्हती. पुढच्यानं बाजूला व्हावं म्हणून ते "पास!" असं ओरडायचे. कापडबाजारातल्या गर्दीत दचकून एखाद्या बाईनं हातातली पिशवीच पुढे केलेली मी स्वतः पाहिली आहे. दर रविवारी ओट्यावर संघाच्या सगळ्या स्टिका मांडून ते त्यांना जवसाचं तेल चोळत बसायचे. त्या घराला, सरांच्या सदऱ्याला, काकूंच्या भाकरीलासुद्धा तो वास होता.

हेडमास्तरांनी जिमखाना माझ्या गळ्यात घातला आणि मी सरांच्या तावडीत सापडलो.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक संघ सर चालवत. गावाबाहेरच्या मुरमाड मैदानावर सकाळी खेळ चालायचा. अकरांतले नऊ जण हौशी होते. दोघं मात्र निराळे. यशवंत श्रीगोंद्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, शिकायला मामाकडे येऊन नगरचाच झालेला. थोराड अंगाचा, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. दुसरा सॅम्युअल. त्याची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. तो सडपातळ, तापट, आणि पायांत वारा भरल्यासारखा. दोघंही एकोणीस-वीसचे. हिवाळ्यात पुण्याला मोठ्या संघासाठी निवड व्हायची होती. तिथे निवडलं गेलं की खेळाच्या जोरावर नोकरी लागते, असं सगळे म्हणत. साल बहात्तरचं होतं. पाऊस आलाच नव्हता. यशवंतचा बाप खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होता. तेव्हा नोकरी ह्या शब्दाला काय वजन होतं ते वेगळं सांगायला नको.

एका सकाळी खेळ संपल्यावर सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माझं संपलं, लेफ्ट आऊट."

मी घाबरलो. "काय संपलं?"

"मला येत होतं ते. दोघांना सगळं शिकवून झालं. आता मी नुसतं 'शाबास' म्हणतोय. ह्यांना आता खेळलेला म्हातारा पाहिजे. चांगला मार खाल्लेला, मार दिलेला. पुस्तकातून काही येत नाही ह्यातलं."

मला वाटलं, बोलतील आणि विसरतील. पण त्यांनी म्हातारा शोधायला घेतला.

भिंगारला एका न्हाव्याच्या दुकानात एक जुना फोटो टांगलेला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे छावणीतले जवान आणि कामगार मिळून एक संघ होता, त्याचा. नगरकडच्या हॉकीत त्याच्याइतकं नाव पुन्हा कुणी मिळवलं नाही, असं जुनी माणसं सांगत. फोटोखाली शाईनं नावं लिहिलेली होती. सरांनी ती उतरवून घेतली आणि पत्ते मिळवत कार्डं पाठवायला सुरुवात केली. दोन महिने हे चाललं. बरीच कार्डं परत आली. काहींची उत्तरं मुलाच्या नाहीतर सुनेच्या अक्षरात आली. वडील वारले. वडील अंथरुणावर आहेत, ओळखत नाहीत. वडील पंजाबात गेले, पत्ता नाही. सर प्रत्येक उत्तर मधल्या सुट्टीत मला वाचून दाखवत आणि डबा उघडत. माझी भूक मात्र मरायची.

शेवटी जिल्ह्यातली तीन नावं उरली.

पहिलं गाव राहुरीच्या अलीकडे होतं. फाट्यावर उतरून आम्ही दीड तास उन्हात चाललो. घर सापडलं. अंगणात एक म्हातारी बाभळीची फांदी खाली ओढून शेळीला पाला घालत होती. फांदी ओढायला तिच्या हातात हॉकीची स्टिक होती. जुनी, तेल विसरलेली, पण वाकाचं टोक शाबूत.

सर तिथेच थबकले.

"कुनाकडं आलाय?" म्हातारीनं विचारलं. सरांनी नाव सांगितलं.

"त्ये गेलं. चार वर्सं झाली की." तिनं फांदी सोडली. "काय काम हुतं?"

"काही नाही. भेटायला आलो होतो."

तिनं आम्हाला बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. ते कसे खेळायचे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कधी? त्या वेळी ती गावाकडे होती. "तुमी बघितलं का त्यांना खेळताना?" तिनंच सरांना विचारलं. सरांनी बघितलं होतं. ते अर्धा तास सांगत राहिले आणि ती मान हलवत ऐकत राहिली. निघताना ती स्टिक पुढे करून म्हणाली, "न्यायची असली तर न्या. पोरांस्नी हुईल."

"नको," सर म्हणाले, "शेळीला लागते."

परतीच्या वाटेवर दीड तास ते मान खाली घालून चालले. मी मनात म्हटलं, सुटलो, आता थांबतील. थांबले नाहीत.

पुढच्या शनिवारी अर्धी शाळा करून आम्ही काष्टीला गेलो. बाजाराचा दिवस. नेहमी तिथं बैल बघायला मिळायचे, त्या वर्षी बैलांच्या बरगड्या बघायला मिळाल्या. आम्हाला हवा असलेला माणूस आपली जोडी धरून उभा होता. पांढऱ्या मिशा, खांदे अजून रुंद. सरांनी येण्याचं कारण सांगितलं तसा तो हसला.

"हॉकी? आन् आता? ह्ये बगा." त्यानं धोतर वर करून घोटा दाखवला. हाड एका अंगाला सरकलेलं होतं. "चालताना बी दुकतंय. आन् मी काय शिकवनार? मी नुसता आडवा पडायचो. खरा खेळ त्या शिर्डीवाल्याचा. बॉल त्याच्या काठीला चिकटून ऱ्हायचा, गुळाला मुंगळा चिकटावा तसा. त्याला न्या."

"येतील ते?"

"न्हाई यायचा. आला तरी तुमाला सोसायचा न्हाई. जीब लई वंगाळ."

मग दावं माझ्या हातात देऊन त्यानं कुणाची तरी हातकाठी मागून घेतली आणि धुळीत एक खडा ह्या बाजूनं त्या बाजूला नेऊन दाखवला. तीनच वेळा. चौथ्यांदा घोटा मुडपला. आजूबाजूचे शेतकरी गमतीनं बघत होते. त्यानं काठी परत दिली, बैलांकडे वळला, आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही.

शिर्डीचे दादा देवळाच्या वाटेवर फुलं विकायचे. छोटं दुकान, पुढे ओलं फडकं, त्यावर झेंडू. पाण्याअभावी फुलंही तेव्हा दुरून यायची. दादा साठीला टेकलेले, किडकिडीत, डोळे सुईसारखे. सरांचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हार घ्यायचा तर घ्या, न्हाईतर बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

आम्ही पाठोपाठ चार रविवार शिर्डीला गेलो. दुसऱ्या रविवारी सर दुकानाच्या कडेला बसले आणि न विचारता फुलं ओवायला लागले. फार वाईट ओवायचे. दादा ते हार उसवायचे, पुन्हा ओवायचे, सरांना शिव्या घालायचे. सर पुढचं फूल उचलायचे. मी दुकानापलीकडच्या पायरीवर बसून वह्या तपासायचो. तिसऱ्या रविवारी परत येताना एसटीत मी स्पष्टच म्हटलं, "सर, माझ्यानं आता होत नाही. घरी आई विचारते, हा मुलगा दर सुट्टीला जातो कुठं."

"तुम्ही नका येऊ," ते म्हणाले. रागानं नव्हे, अगदी मनापासून. त्यामुळेच मला चौथ्या रविवारी जावं लागलं.

त्या दिवशी दादांनी हातातली सुई खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी सोता कुटल्या जागेवर खेळायचा?"

मी कान टवकारले. सगळ्या जगाला जागा वाटणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची जागा मी कधी ऐकली नव्हती.

सरांनी हातातलं फूल फडक्यावर ठेवलं. "मी खेळलो नाही," ते म्हणाले. "ट्रेनिंग कॉलेजच्या संघात बारावा होतो. दोन वर्षं. एकदाही आत जायची वेळ आली नाही. कुणी आजारीच पडलं नाही."

दादा मोठ्यानं हसले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मंग शिकवता काय पोरांना?"

"तेच सांगतोय दादा. मला येत असतं तर तुमच्या दारात बसलो असतो कशाला?"

दादांचं हसू ओसरलं. त्यांनी झेंडूवर पाणी शिंपडलं. मग म्हणाले, "सोमवार ते बुधवार येईन. गुरवारी हितं गर्दी असती. पर एक सांगतो. मी मैदानात हाय तवर तुमी मैदानात पाय ठिवायचा न्हाई. दोन मानसं बोलाय लागली की पोरं एकाचं बी ऐकत न्हाईत."

"बरं," सर म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा राग आला. तेरा वर्षं त्यांनी ते मैदान राखलं होतं. पहाटे उठून स्वतः खडे वेचले होते, चुना मारला होता.

पुढचे तीन महिने दादा दर सोमवारी सकाळच्या एसटीनं येत आणि सरांच्या घरी राहत. पाण्याची मारामार, घरात दिवसाला दोन हंडे. त्यातला अर्धा हंडा दादांच्या आंघोळीला. काकूंनी तक्रार केली नाही, पण एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचा पाहुणा, ह्यांचं मैदान, आणि हे बाहेर. तुम्हाला तरी कळतं का हो?" मला कळत नव्हतं.

मैदानाच्या कडेला एक वाकडी बोर होती. सर रोज सकाळी तिच्याखाली पाण्याची बादली घेऊन उभे राहत. आखलेल्या रेषेच्या आत त्यांचं पाऊल पडलं नाही. बॉल बाहेर आला की तो उचलून पोरांच्या हातात देत. पायानंसुद्धा आत ढकलत नसत.

दादांनी पहिला आठवडाभर पोरांना पळूच दिलं नाही. "पळाय काय, कुत्रं बी पळतंय. थांबा आदी." बॉल थांबवायचा. पुन्हा थांबवायचा. मग बॉलकडे न बघता थांबवायचा. यशवंत मान खाली घालून शंभरदा सांगितलेलं शंभरदा करी. सॅम्युअल धुमसत होता. त्याला पुढे जायची घाई, आणि एकदा बॉल हाती लागला की तो यशवंतला द्यायचा नाही ही त्याची जुनी सवय. एका सकाळी दादांनी त्याच्या नडगीवर स्टिक हाणली आणि म्हणाले, "आंधळ्या, त्यो तुजा जोडीदार रिकामा हुबा हाय. तुला दिसत न्हाई, का दिसून द्यायचा न्हाई?" वर त्याच्या मेलेल्या बापाबद्दलही काहीतरी बोलले. सॅम्युअलनं स्टिक टाकली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

संध्याकाळी सर मला घेऊन त्याच्या घरी गेले. आई ड्यूटीवर होती. सॅम्युअल दारातच उभा राहिला. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही.

"सर, मी त्या माणसाकडे येणार नाही. माझ्या वडिलांचं नाव घ्यायची त्याची लायकी नाही."

"नाही घ्यायला पाहिजे होतं. ते मी त्यांना सांगितलंय. परत घेणार नाहीत."

"आणि तुम्ही त्या झाडाखाली का उभे असता? आम्हाला बरं वाटत नाही बघून. संघ तुमचा आहे. तुम्ही आत या, मी उद्या सकाळी येतो. सगळे येतील. मी बोललोय सगळ्यांशी."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतील. खरं सांगायचं तर म्हणावं असं मला वाटत होतं. थकून गेलो होतो मी. जुनं सगळं परत यावं आणि रविवारी घरी झोपायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. सरांचा चेहरा क्षणभर असा झाला की त्यांनाही तेच हवंय हे लख्ख दिसलं.

"मी आत आलो," ते सावकाश म्हणाले, "तर तू माझ्याएवढा होशील. त्याच्या पुढे नाही. मला तू तेवढाच व्हायला नकोयस."

आम्ही परत आलो. सकाळी तो मैदानावर होता. त्या दिवशी दादांनी त्याला एकही शिवी दिली नाही, आणि मधेच कधीतरी सॅम्युअलनं यशवंतला पास दिला. बोरीखाली सरांनी बादलीची कडी घट्ट धरून ठेवली.

पुण्याची निवड नेमकी गुरुवारी आली. दादा म्हणाले, "मला दुकान हाय." म्हणून सर, मी आणि ती दोन पोरं निघालो. सुपं, शिरूर, धूळ. एसटीत यशवंत उलट्या करत होता आणि सर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

खेळाचं मी काय सांगू? सॅम्युअल त्या दिवशी असा खेळला की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं मला टाळी दिली. यशवंत चुकला नाही, पण बुजला. मोठ्या मैदानावर, बूट घातलेल्या मुलांमध्ये तो आणखीच मुका झाला. संध्याकाळी नावं वाचली. सॅम्युअलचं होतं. यशवंतचं नव्हतं.

निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ सॅम्युअलजवळ आले. "थांबवणं फार सुरेख आहे तुझं. कुणी शिकवलं?"

"शिर्डीच्या दादांनी," सॅम्युअल म्हणाला.

गृहस्थांनी सरांकडे पाहिलं. "आणि आपण?"

सॅम्युअल गडबडला. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण सरांनीच उत्तर दिलं. "मी सामानाबरोबर आलोय."

सॅम्युअल शिबिरासाठी पुण्यातच राहिला. आम्ही तिघं परत निघालो. यशवंत खिडकीला डोकं टेकून झोपला तेव्हा मी विचारलं, "सर, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. मी काय दगड आहे?" सॅम्युअलला पुढे खरंच नोकरी लागली. त्याची पत्रं बरीच वर्षं येत. सर गेले तेव्हा तो फार लांब होता, पोचू शकला नाही. पण ते पुष्कळ नंतरचं.

सोमवारी दादा आले. स्टँडवरच सरांनी त्यांना सगळं सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली. "एक लागला. बास झालं. माजं काम झालं."

"यशवंत आहे अजून," सर म्हणाले.

"त्याचं हुतं तेवडं झालं. पोरगं चांगलं हाय, पर त्याच्या पोटात आग न्हाई. आता माजा जीव जाळून काय उपेग?" दादा त्याच एसटीच्या परतीच्या फेरीनं निघून गेले. सरांनी त्यांना हात केला आणि सायकल घेतली.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तिथे एकटा यशवंत उभा होता. बाकी कुणी आलं नव्हतं. दादा येणार नाहीत हे त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही दोघंच आल्याचं त्यानं पाहिलं होतं.

सर बोरीपाशी जरा घुटमळले. मग रेषेच्या आत गेले. तीन महिन्यांनी. स्टिक उचलली आणि म्हणाले, "चल. थांबव."

त्यांनी बॉल मारला. भलतीकडे गेला. यशवंत पळत जाऊन घेऊन आला आणि त्यांच्यासमोर ठेवला. दुसरा बरा गेला. यशवंतनं तो थांबवला, इतका हळुवार की आवाजही झाला नाही. सर मारत राहिले, चुकत राहिले. कितीतरी वेळ. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, श्वास मला कडेपर्यंत ऐकू येत होता. शाळेची वेळ होत आली. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही.

एकदा बॉल पायाशी ठेवताना यशवंत लगेच मागे फिरला नाही. तो सरांच्या हातांकडे बघत होता.

"सर," तो चाचरत म्हणाला, "एक सांगू का? डावा हात जरा वर घ्या. आन् काठी लई आवळू नका."

सरांनी हात वर घेतला. "असा?"

"व्हय. असा."